एमबीएला औद्योगिक मानसशास्त्र प्रात्यक्षिकासह शिकवावे

महोदय,

एमबीएच्या प्रवेशाचे दिवस आले की पालक प्लेसमेंटची कसून चौकशी करतात, पण दोन वर्षांत नेमके काय शिकवणार, हे फारसे कोणी विचारत नाही. मी चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पंधरा वर्षे मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना पगारपत्रक, पीएफ, कामगार कायदे उत्तम येतात. काम करताना माणसाचे काय होते, हे सांगणारे औद्योगिक मानसशास्त्र मात्र त्यांना कोणी शिकवलेले नसते.

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या पाळीत पहाटे तीननंतर सदोष माल नजरेतून सुटू लागला. प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याने त्याचे आलेख काढले आणि कामगारांसाठी प्रेरणादायी व्याख्यान ठेवावे, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात तपासणीच्या टेबलावर एकच मुलगा सलग अडीच तास ट्यूबलाइटखाली बुश या छोट्या सुट्या भागावरचे बारीक ओरखडे शोधत बसत होता. दर अर्ध्या तासाला माणूस बदलायला सुरुवात केली आणि सुटणारा माल कमी झाला. एकटक लक्ष ठेवण्याची क्षमता पहिल्या अर्ध्या तासातच घसरू लागते, हे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते. त्या अधिकाऱ्याच्या कानावर हे नाव कधी पडलेच नव्हते, आणि यात त्याचा काडीमात्र दोष नाही. 'संघटनात्मक वर्तन' या एका पेपरात मास्लोचा मानवी गरजांचा त्रिकोण पाठ केला की विषय संपतो.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेच्या ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांचे काम छोट्या गटांकडे सोपवून पाहिले. गट कामगारांनी स्वतःच बांधले. उत्पादन वाढले, खराब कापड घटले. जगभर अभ्यासला गेलेला हा प्रयोग तेव्हाच्या आपल्याच मुंबई राज्यातला, तरी आमच्या मुलांना तो ठाऊक नसावा, याचे मनापासून वाईट वाटते.

आपल्या विद्यापीठांत मानसशास्त्राचे विभाग आहेत, त्यांत हा विषय जाणणारे प्राध्यापकही आहेत. त्यांनी आणि व्यवस्थापन विभागांनी मिळून एक पूर्ण सत्र औद्योगिक मानसशास्त्रासाठी राखावे. विद्यार्थ्यांनी त्या काळात कारखान्यात एखाद्या कामाचे तपशीलवार विश्लेषण करावे, त्यावरून मुलाखतीचे प्रश्न स्वतः तयार करावेत आणि किमान एक आठवडा तिसऱ्या पाळीला हजर राहावे.

– एक मनुष्यबळ अधिकारी, चाकण (जि. पुणे)