करंटवाल्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमच्या फिजिओथेरपीत समोर बोलायला गेलो की तुम्ही पुढच्या पेशंटला हाक मारता, म्हणून हे लिहून काढतोय. चारचौघांनी वाचलं तरी चालेल. आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत निम्म्या लोकांच्या कमरेची माझ्यासारखीच गत आहे.

मी टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. तीस वर्षं मागाखाली वाकून नट आवळण्यात गेली. गेल्या उन्हाळ्यात कमरेतून कळ निघाली ती डाव्या पोटरीपर्यंत उतरली. सायटिका म्हणाले. गोळ्या झाल्या, तेल झालं, मग पोरानं मोबाईलवरून एक मशीन मागवलं. खोक्यावर छापलेलं, ‘नसांचं दुखणं मुळापासून बंद’. लावलं की पोटरी नुसती बेडकासारखी उडायची. कळ होती तिथंच.

तेच मशीन पिशवीत घालून तुमच्याकडे आलो. तुम्ही ते बाजूला ठेवलंत आणि मला डोळे मिटायला लावलंत. “कापूस कुठल्या बोटाला लागतोय सांगा.” मी वाट बघत बसलो. मला वाटलं, तुम्ही अजून सुरूच केलं नाही. डोळे उघडले तर कापूस पाचही बोटांवरून फिरून झाला होता! बारा वर्षांची शुगर, दुसरं काय. मग तळव्यावरचा रुपयाएवढा लाल चट्टा तुम्ही आरशात दाखवलात. तिथंही पट्टी लावायचो, काही जाणवेना म्हणून मीच आकडा वाढवत गेलो होतो. “जिथं कापूस कळत नाही, तिथं करंटही कळत नाही. कातडी भाजली तरी पत्ता लागत नाही,” असं म्हणालात. पैसे घेताना विकणाऱ्यानं यातलं अक्षर काढलं नव्हतं.

मी मशीनवरचा माणूस, मला ‘कसं चालतं’ कळल्याशिवाय झोप येत नाही. तुम्ही वैतागला नाहीत. माझ्या पिशवीतलं ते ईएमएस, म्हणजे स्नायू आखडवणारं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वाळलेल्या मांडीत बळ आणायला ते चांगलं, माझ्या कळेवर त्याचा काय उपयोग? टेन्स नावाचं दुसरं मशीन असतं, त्याचं काम निराळं. त्यात स्नायू हलवायचा नसतो, कातडीतल्या स्पर्शाच्या नसांना मुंग्या आणायच्या असतात. मागाच्या चौकटीवर कोपर आपटलं की आपण आधी चोळतो, तशातलाच प्रकार. मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं होतं म्हणे की मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं. स्पर्शाचा निरोप जोरात आला की ते दुखण्याच्या निरोपाला अडवतं.

आणि तुमच्याकडचं ते कपवालं, आयएफटी. एक करंट सेकंदाला ४००० वेळा, दुसरा ४१०० वेळा. इतक्या वेगाला कातडी फारशी अडवत नाही, म्हणून टोचत नाही. आत दोघे एकमेकांत मिसळले की फरकाचे शंभर ठोके तेवढे जाणवतात. मी म्हटलं, “म्हणजे शेजारचे दोन माग की ओ! एक जरा जोरात पळाला की दोघांची खडखड मधेच एक होते, मधेच फुटते.” तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, “आता हे मी सगळ्यांना सांगणार.” एवढी शाबासकी मला शेटजींनीही कधी दिली नाही.

“मग भारी कुठलं?” असं विचारल्यावर तुम्ही महागड्याचं नाव घ्याल असं वाटलं होतं. पण तुम्ही सरळ सांगितलंत, आयएफटी टेन्सपेक्षा सरस आहे असं ठाम दिसलेलं नाही. काहींना दोन्हींनी बरं वाटतं, काहींना कशानंच नाही. करंट दुखणं तासदोन तास गप्प करतो, तेवढ्यात कंबर कामाला लावायची. सहा बैठकांनंतर तुम्हीच मला घरचं साधं टेन्स घ्यायला लावलंत. पट्ट्या फक्त कमरेवर, पायाला नाही, आणि उतरवल्या की लगेच तुमचे चार व्यायाम. त्यातला पोटावर झोपून छाती उचलायचा मला अजूनही आवडत नाही. करतो.

थोरल्या भावानं परवा मशीन मागितलं. त्याला पेसमेकर आहे. तुमचा शब्द आठवून नाही म्हटलं, तर आठ दिवस बोलत नव्हता. शेवटी त्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेव्हा चहाला आला.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांमागं हिरेहब्बू वाड्यापासून संमती कट्ट्यापर्यंत चालत गेलो. दोनदा बसलो, खोटं कशाला सांगू? पण अक्षता टाकायला उभा होतो.

सोमवारी येतो. पट्ट्यांचा चिकटपणा गेलाय, नवीन कुठल्या घ्यायच्या ते सांगा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणतोय, या खेपेला तिखट कमी घालायला सांगितलंय.

आपला,
दोन मागांवाला जॉबर