उठा म्हटलं की उठायचं

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर अर्धंच बोलले. उरलेलं सांगायला जीभ रेटेना, म्हणून पत्र.

करारावर सही गणपतीतच झाली होती. मोदक वळताना सांगणार होते, पण आई, तू इतकी खुशीत होतीस की गप्प बसले. १४ तारखेचं तिकीट आहे. ‘ऑफिसात बसून काम’ हेही बरंचसं खरं. इंडोनेशियातलं योग्यकार्ता शहर मेरापी ज्वालामुखीच्या शिखरापासून जवळजवळ ३० किलोमीटरवर आहे आणि बहुतेक दिवस मी भूकंपमापकाच्या रेघाच बघणार. पण अधूनमधून डोंगरावर जावं लागेल. एवढंच लपवलं होतं.

बाबा, तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत दिसतो तो लाव्हा नाही, आणि नुसता धूरही नाही. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा, तो आमटीसारखा पातळ, लांबवर पसरत गेलेला. मेरापीचा चिकट. आई, पिठलं घट्ट झालं की आत अडकलेला बुडबुडा फट्कन फुटून मनगटाला चटका देतो ना, त्यातलाच प्रकार. शिवाय हा घट्ट रस माथ्यावर घुमटासारखा साचत जातो. घुमट ढासळला की शेकडो अंश तापलेली राख, वायू आणि दगड एकत्र होऊन दरीतून ताशी शंभर किलोमीटरहूनही जास्त वेगाने खाली येतात. पळून सुटका नाही. तिथले लोक त्याला ‘वेधुस गेंबेल’ म्हणतात, म्हणजे लोकरीचं मेंढरू. धनगरांचा तळ पडला की मी कोकरं बघायला पळायचे आणि बाबा मला खांद्यावर घालून परत आणायचे, तेच आठवलं.

उन्झेन ज्वालामुखीचं तुम्ही शोधून काढलं असणारच. हो, जपानमध्ये १९९१ च्या जूनमध्ये ४३ माणसं गेली, त्यात तिघं ज्वालामुखींचे अभ्यासक. पण त्याच महिन्यात फिलिपाइन्समध्ये पिनातुबो फुटला, तेव्हा अभ्यासकांनी आधी सांगितलं म्हणून हजारो माणसं वेळेत हलवली गेली. मला ते काम करायचंय. कुणीतरी त्या रेघा बघत बसायला हवंच ना?

मेरापीचे एक राखणदार होते, म्बाह मारिजान, सुलतानाने नेमलेले. २००६ मध्ये सगळे ‘उतरा’ म्हणत असताना ते हलले नाहीत, आणि वाचले. २६ ऑक्टोबर २०१० लाही हलले नाहीत. त्या संध्याकाळी लोट थेट त्यांच्या गावात आला. त्यांना न्यायला आलेलेही गेले.

हे वाचताना, बाबा, राग मानू नका, पण तुम्हीच दिसलात. २००५ ला आपल्या सांगलीच्या महापुरात पाणी तिसऱ्या पायरीला थांबलं, म्हणून २०१९ ला तुम्ही गॅलरीतून हात हलवून नाव परत पाठवलीत. दुसऱ्यांदाही. आई माळ्यावरच्या पेटीला टेकून बसली होती. मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलतेय.

जेवणाची काळजी नको. तिथे भात मुबलक, आणि ‘गुदेग’ म्हणजे चक्क कोवळ्या फणसाची भाजी, नारळाच्या दुधातली. गोडूस असते, तुला आवडणार नाही आई. मेतकूट मात्र दोन डबे दे. खोली शहरात, पक्क्या इमारतीत आहे. फोन रोज करेन. डोंगरावर जायच्या दिवशी आदल्या रात्री सांगेन, आता लपवालपवी नाही.

बाबा, साखर दर महिन्याला तपासायची, ‘बरं वाटतंय’ हा रिपोर्ट नव्हे. आई, गुडघा असा असताना स्टुलावर चढून बरणी काढायची नाही. आणि पावसाळ्यात आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांवर गेलं की ४५ ची वाट न बघता पुण्याला दादाकडे. पेटी आत्ताच खाली काढून त्याच्याकडे पाठवा, म्हणजे तिच्यासाठी थांबायला नको. मलाही खाली यायला सांगितलं तर यंत्रं तिथेच टाकून येईन. आई, शपथ तुझी.

तुमची,
चिमी

ता. क. दादाने घराच्या किल्लीची दुसरी जोडी करून घेतली आहे. त्याच्याशी भांडू नका, मीच सांगितलं होतं.