डेस्कटॉपला व्हायरसची भीती नाही म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या दुकानात यावं

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की आता सगळी फसवणूक मोबाइलवर होते, घरच्या नाहीतर दुकानातल्या डेस्कटॉपला कोण विचारतो, त्यामुळं दरवर्षी अँटीव्हायरसला पैसे घालणं म्हणजे खिशाला चुना. वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. काकांचं अर्धं बरोबर आहे, पण जे अर्धं चुकलंय त्याच्यापायी माझी अकरा वर्षांची कामं गेलीत, म्हणून हे लिहितोय, जरा लांबेल.

माझं कराडात डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, २००८ पासून. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रियेची कार्डं, निवडणूक आली की हँडबिलं आणि एरवी ऑनलाइन फॉर्म. २०१९ चा नोव्हेंबर होता, विधानसभेची गडबड नुकतीच संपलेली, तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन. एका गिऱ्हाइकानं पुण्याहून डिझाइन करून आणलेली फाइल दिली, ती माझ्याकडच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये उघडेना. नवीन व्हर्जनची किंमत बघितली आणि गप्प बसलो. मग एकानं लिंक पाठवली, क्रॅक केलेलं आहे, म्हणजे लायसन्स तोडलेलं, फुकट, बिनधास्त टाक म्हणाला. झिप फाइल होती, तिला पासवर्ड, आणि तो पासवर्ड शेजारीच लिहिलेला. तेव्हा मला प्रश्न पडला नाही की ज्याचा पासवर्ड शेजारीच लिहून ठेवायचाय त्या फाइलला कुलूप कशाला लावलंय. आता कळतंय, कुलूप माझ्यासाठी नव्हतंच, अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून होतं. आत एक नोटपॅडची फाइल, त्यात पहिलीच ओळ, आधी अँटीव्हायरस बंद करा नाहीतर तो क्रॅक उडवून टाकेल. मी केला की बंद! स्वतःच्या हातानं, विंडोजच्याच डिफेंडर नावाच्या अँटीव्हायरसचं बटण ऑफ. तो बिचारा दोनदा लाल पट्टी दाखवत होता आणि मी त्याला शिव्या घालत होतो.

सेटअप चालवला तर काहीच झालं नाही, एक काळी खिडकी चमकून गेली. थोड्या वेळानं विंडोज अपडेट चालू आहे अशी विंडो आली, टक्के पुढं सरकतायत. पोराला म्हणलं मशिन बंद करू नको अपडेट घेतंय, आणि चहाला गेलो. ते अपडेट खोटं होतं. पडद्याच्या पुढं टक्के चालले होते आणि मागं एकेक फाइल लॉक होत होती. परत आलो तर पत्रिका बनवायच्या पेजमेकर आणि कोरल या सॉफ्टवेअरच्या, फोटोंच्या सगळ्या फायलींचे आयकॉन पांढरेफटक, नावाच्या शेवटी चार इंग्रजी अक्षरांचं शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत दिले तर निम्मे, ४९०. वर सौजन्य बघा, एक फाइल नमुन्यादाखल फुकट उघडून देऊ म्हणे. त्या वेळच्या भावानं ९८० डॉलर म्हणजे ७० हजारांच्या आसपास.

फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात आणि यातल्या या जातीला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात, हे नंतर वाचून कळलं. आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. या टोळीला बँक नको होती, बंदर नको होतं, त्यांचा धंदाच मुळी माझ्यासारख्यांवर होता, क्रॅक शोधणारे विद्यार्थी, फोटो स्टुडिओवाले, डीटीपीवाले. मोठ्यांच्या बातम्या पेपरात येतात, २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळं न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल अडकलं होतं आणि ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले. त्यामुळं आपल्याला वाटतं की हे मोठ्यांचं दुखणं. माझ्याकडं मागितलेल्या ७० हजारांची बातमी कोण छापणार? (छापलीत तर आनंदच आहे.)

पुढची फजिती ऐका. अँटीव्हायरस कंपनीची कुठलीच साइट उघडेना. नेट चालू, यूट्यूब चालू, फक्त ह्या साइट बंद. विंडोजमध्ये होस्ट्स नावाची एक साधी फाइल असते, त्यात या व्हायरसनं सगळ्या मदतीच्या साइटचे पत्ते फिरवून ठेवलेले. विंडोज आपणहून जुन्या प्रती ठेवतं म्हणून तिकडं बघितलं, त्याही आधीच पुसलेल्या. बॅकअप होता का? होता! एक टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क, रोज न चुकता बॅकअप घ्यायचो, फक्त ती चोवीस तास मशिनला लावलेली असायची, त्यामुळं मशिनबरोबर ती पण गेली. आजही कोण मला बॅकअप आहे म्हणालं की मी पहिलं विचारतो, वायर काढलीय का.

मग एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीचं फुकट टूल मिळालं, जुन्या प्रकारच्या डीजेव्हीयूच्या फायली त्यातनं सुटायच्या. नव्या प्रकाराचं असं होतं की लॉक करताना व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही तर तो सगळ्यांना एकच ठरावीक चावी वापरतो, ती चावी कुणाकडनं तरी मिळाली की बाकीच्यांचं पण काम होतं. सर्व्हर सापडला तर मात्र प्रत्येक मशिनला वेगळी चावी, आणि ती त्यांच्याचकडं. माझं ब्रॉडबँड नेमकं त्या दिवशी मस्त चालू होतं. एरवी दिवसातनं चारदा जातं. टूलनं लिहून दिलं, अशक्य. एवढंच कळलं की वेळ वाचवायला तो प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबीचाच भाग लॉक करतो, त्यामुळं शेजारच्या फोटोग्राफरनं माझ्याकडं ठेवलेले लग्नाचे मोठे व्हिडिओ बरेचसे दुरुस्त झाले. पत्रिका छोट्या असतात, त्या अख्ख्या गेल्या. आणि आमच्या धंद्यात जुनी फाइल म्हणजेच भांडवल हो, थोरल्याची पत्रिका आहे ना, तीच घ्या, नाव आणि तारीख बदला, असं म्हणणारं गिऱ्हाईक असतं. पैसे मी दिले नाहीत, हिंमत म्हणून नाही, बिटकॉइन कसं द्यायचं तेच कळलं नाही. तो सगळा सीझन रात्री दोन दोन वाजेपर्यंत जुन्या छापील पत्रिका समोर ठेवून परत टाइप केल्या.

आता पैशाचा मुद्दा. इथं काकांशी मी सहमत आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर विंडोजबरोबरच येतो, फुकट, आणि आताच्या स्वतंत्र चाचण्यांत तो विकतच्यांच्या पंगतीत बसतो. साध्या घरगुती मशिनला तेवढा पुरतो, त्याला चालू ठेवला तर! विकतच्याला नावं ठेवत नाही, क्विक हील अँटीव्हायरसचे काटकर तर मूळचे आमच्या सातारा जिल्ह्यातले, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता एवढी कंपनी उभी केली, अभिमानच आहे. पण माझ्याकडं त्या दिवशी जगातला सगळ्यात महाग अँटीव्हायरस असता तरी मी तो पण बंदच केला असता, त्याला काय करणार. आणि फुकटच्या नावाखाली दहा ठिकाणचे दहा उतरवून घेऊ नका, अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीनं लोकांची ब्राउझिंगची माहिती आपल्या दुसऱ्या कंपनीमार्फत विकली म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीनं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्यांच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलरचा बडगा उगारला. मशिनमध्ये घाण शिरलीय असा संशय असेल तर आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून, सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षेची संस्था चालवते, तिथनं साफ करायची टूल फुकट मिळतात. नाव ऐकून लोकांना वाटतं नगरपालिकेचं काहीतरी असेल, त्यामुळं कोण जात नाही.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. माझ्याकडं चोरायला काय आहे असं जे म्हणतात ना, त्यांनी कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातला डाउनलोड्स फोल्डर उघडून बघावा. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म भरायला आमच्या दुकानापुढं सकाळी सातपासून बायका उभ्या होत्या, प्रत्येकीचं आधार, पासबुक, रेशनकार्ड, हमीपत्र, सगळं व्हॉट्सअॅप वेबवरनं डाउनलोड व्हायचं आणि पडून राहायचं. आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, आणि दोन्ही शेजारच्या पॅनकार्डाच्या स्कॅनवर लिहिलेलं असतं! मशिन माझं, पण आतली कागदं हजार घरांची. माझी पत्रिका गेली तर मी परत टाइप करीन, त्या मावशीचं आधार गेलं तर ती काय करणार, तिला तर कळणार पण नाही कुठनं गेलं.

आणि आताचे व्हायरस चिठ्ठी ठेवून जात नाहीत. रेडलाइन, लुमा असल्या नावांचे चोर येतात, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकी उचलतात आणि जातात, मशिन हळू पण होत नाही. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन आहात याची पावती, ती दुसऱ्याच्या हातात पडली की बऱ्याच ठिकाणी ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. २०२५ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं लुमाचं जाळं तोडलं तेव्हा सांगितलं की जेमतेम दोन महिन्यांत त्यांना लुमा शिरलेले ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटर दिसले होते. हे शिरतात कसे तर तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा म्हणून एक पान येतं, त्यावर लिहिलेलं असतं विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. माणूस दाबतो. त्या पानानं गुपचूप काय कॉपी करून ठेवलंय ते बघत नाही. माझ्या दुकानातल्या पोरानं दाबलंच होतं, फक्त एंटरच्या आधी मला हाक मारली म्हणून वाचलो. विंडोज आणि आर दाबलं की रनचा डबा उघडतो, कुठलीही सरळ साइट तुम्हाला त्यात काही चिकटवायला सांगत नाही.

पेनड्राइव्हचं सांगू का नको, सगळ्यांना माहिती आहे. शॉर्टकट व्हायरस, फोल्डरच्या जागी बाण असलेले आयकॉन दिसतात आणि कॉलेजची पोरं रडायला लागतात, सर प्रोजेक्ट गेला. गेलेला नसतो, लपवलेला असतो, अॅट्रिबची एक कमांड मारली की परत दिसतो. यात मात्र आम्ही दुकानवालेच दोषी आहोत, एका पोराचा पेनड्राइव्ह काढला की तोच प्रसाद पुढच्याला. मी आता पेनड्राइव्हसाठी जुनं मशिन वेगळं ठेवलंय, त्याला नेटच नाही.

दुसरं म्हणजे विंडोज १०. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या लाइनीतली निम्मी मशिन विंडोज ११ घेत नाहीत, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेल असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर पाहिजे, एवढ्यासाठी चालू मशिन कोण भंगारात घालणार. घरगुती मशिनला ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत घेता येते, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर जाऊन नोंदणी करावी लागते, आपोआप होत नाही. डिफेंडरची व्हायरसची यादी विंडोज १० वर २०२८ पर्यंत येत राहणार आहे, म्हणून लोक म्हणतात मग काय फरक पडतो. फरक वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं दाखवलाय. १२ मे २०१७ ला तो पसरला, दीडशेहून जास्त देशांत, ब्रिटनमध्ये दवाखान्यांची कामं अडकली, आणि ज्या भोकातनं तो घुसला ते बुजवायचं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. दोन महिने पडून होतं. त्यात कुणी कशावर क्लिक पण करायची गरज नव्हती, नेटवर्कवर एक मशिन सापडलं की तिथनं पुढच्यात. आमच्याकडं अजून पेजमेकर चालावा म्हणून विंडोज ७ जपून ठेवलेत, श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी चावी, लावून. (तुमच्या ऑफिसात नसतील, पण शोधा एकदा.) तसलं मशिन ठेवायचं तर ठेवा, नेटची वायर काढा.

भाचा म्हणतो मामा लिनक्स टाक. टाकतो की, माझी पेजमेकरची फाइल त्यात उघडून दे म्हणलं, तेव्हापासनं आला नाही. मॅकवाले पण फार हवेत असतात, २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाचा व्हायरस सहा लाख मॅकमध्ये शिरला होता.

मी आता काय करतो तर दोन हार्डडिस्क, एक दुकानात, एक घरी कपाटात, सोमवारी अदलाबदल, आणि बॅकअप झाला की वायर काढायची. फॉर्मची कागदं त्याच दिवशी पुसतो, रीसायकल बिनसुद्धा. ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकाचं लॉगिन सेव्ह करत नाही. विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शन म्हणून एक बटण आहे, मुळात बंद असतं, ते चालू केलंय, पहिल्या दिवशी त्यानं माझ्याच पेजमेकरला फाइल सेव्ह करू दिली नाही, त्याला परवानगी द्यावी लागली. आणि फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल असं सेटिंग केलंय, विंडोज ते मुळात लपवतं, त्यामुळं पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असेल तरी आपल्याला नुसतं पत्रिका डॉट पीडीएफ दिसतं.

पत्रिकेवरनं आठवलं, व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके, म्हणजे मोबाइलच्या अॅपची फाइल, पाठवून लोकांना लुबाडलं तेव्हापासनं माझी गिऱ्हाइकं मी पाठवलेलं प्रूफ उघडतच नाहीत. परवा एक वधूपिता स्वतःच्याच मुलीची पत्रिका उघडायला घाबरले, दुकानात येऊन माझ्या स्क्रीनवर बघून गेले. मी त्यांना चहा पाजला.

हे पत्र मेलच्या मजकुरातच टाकलंय, अटॅचमेंट जोडलेली नाही. युनिकोडमध्ये आहे, तुमच्याकडं उघडायला हरकत नाही, श्रीलिपीत पाहिजे असेल तर तसं कळवा.

आपला,
एक डीटीपी-झेरॉक्सवाला, कराड