नोट वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मध्य अमेरिकेच्या जुन्या नोटा जमवायच्या म्हटल्यावर बहुतेकांनी नाकं मुरडली. तुम्ही मात्र सरळ अल्बम उघडलात, वापरून मऊ पडलेली ग्वाटेमालाची एक नोट माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "किंमत नंतर बघ. आधी हिच्यावर काय काय छापलंय ते वाच." त्याबद्दल आज जाहीरपणे आभार मानते.

नोटेवर मूळ नाव 'बँको सेंट्रल दे ग्वाटेमाला', आणि वरून मारलेला छापा 'बँको दे ग्वाटेमाला'चा. १९४४च्या क्रांतीनंतर, अध्यक्ष आरेवालो यांच्या काळात १९४६ साली 'बँको दे ग्वाटेमाला' ही नवी मध्यवर्ती बँक उभी राहिली. तिच्या स्वतःच्या नोटा येईपर्यंत जुन्यांवरच नवं नाव चढवून काम भागवलं गेलं. कोस्टा रिकातही तेच. १९४८ची यादवी, बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९५०मध्ये मध्यवर्ती बँक, आणि सुरुवातीला आधीच्या 'बँको नासिओनाल'च्या नोटांवर तिचा छापा. एका देशाची उलथापालथ अशी तळहातावर धरता येते, हे मला तुमच्यामुळे कळलं.

छापा खरा की मागाहून मारलेला, हे ओळखायलाही तुम्हीच शिकवलंत. खरा छापा कोऱ्या नोटेवर पडलेला असतो, म्हणून घडी जिथे झिजते तिथे छाप्याची शाईही झिजते. शाई घडीच्या भेगेत उतरलेली दिसली, की नोट परत करायची. नोट तिरप्या उजेडात धरून, भिंगाखाली ती घडी तुम्ही मला किती शांतपणे दाखवलीत! नोटांना अपाय करणारी पीव्हीसीची पाकिटं काढून मायलर या सुरक्षित प्लास्टिकची घालायला लावलीत, तेही त्याच आठवड्यात.

पनामाच्या १९४१च्या नोटांची भुरळ मलाही पडली होती. त्या काढणारे अध्यक्ष अर्नुल्फो आरियास यांची सत्ता गेली आणि काही दिवसांतच नोटा परत घेऊन बहुतेक जाळल्या गेल्या. म्हणूनच आज त्यांना एवढा भाव. "त्यांच्यामागे पळू नकोस, छाप्याच्या नोटा पूर्ण कर," असं तुम्ही बजावलंत. माझ्या मते तो सल्ला लाखमोलाचा होता. आज माझ्या संग्रहात सर्वांत जास्त बोलणारी पानं त्याच नोटांची आहेत.

होंडुरासच्या मध्यवर्ती बँकेची सुरुवातीच्या काळातली एक लेंपिराची नोट माझ्याकडे दोनदा आली आहे. त्यातली उजवी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
एक संग्राहक