नियम करण्याआधी आमच्या घरी संशोधक पाठवा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

४ जुलै २०१५ चा शनिवार मला स्पष्ट आठवतो. शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण त्या दिवशी राज्यभर चालू होतं. साताऱ्यातल्या आमच्या घरी एक शिक्षिका आल्या. माझी सात वर्षांची मुलगी चिंचोके मांडून बेरजा करत बसली होती. "कुठल्या शाळेत जाते?" बाईंनी विचारलं. "शाळेत घातलेलं नाही, आम्ही घरीच शिकवतो," मी म्हटलं. बाईंनी हातातला कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. मग मुलीला एक उतारा वाचायला दिला. तिने तो न अडखळता वाचला. बाई हसल्या, तिच्या बोटाला शाई लावली आणि तिची नोंद शाळाबाह्य म्हणून करून पुढच्या घरी गेल्या. त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या कागदावर आमच्यासाठी दुसरी जागाच नव्हती.

आज मुलगी मोठी झाली आहे, पण सरकारी कागदावर तशी जागा अजूनही नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं दहावं कलम म्हणतं की मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला मात्र कायद्यात शिक्षा नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं की जे पालक स्वेच्छेने मुलांना घरी शिकवतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही. पुढे तीही भूमिका बदलली. दुसरीकडे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा आहेत, शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसण्यासाठी आपल्या मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, आणि पाचवी-आठवीपासून परीक्षा घेणारं राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही २०१७ मध्ये आलं. म्हणजे परीक्षेचं दार सरकारनेच उघडून दिलं आहे. त्या दारापर्यंत मूल कसं पोचलं, घरी काय शिकलं, काय शिकायचं राहून गेलं, याची नोंद कुणाच्याच दप्तरी नाही. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंकलनात, पटावरची मुलं मोजली जातात आणि आमची मुलं कुठल्याच पटावर नाहीत.

माझी मागणी एकच आहे. परवानगी, बंदी किंवा नोंदणी यांपैकी कुठलाही निर्णय घेण्याआधी महाराष्ट्रातल्या होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांचा स्वतंत्र, शास्त्रशुद्ध अभ्यास करून घ्या.

आज या विषयावर बोलताना आपण सगळेच ऐकीव उदाहरणांवर चालतो. मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड स्पर्धेत तिने पदकं मिळवली होती. त्या मुलीचं मला मनापासून कौतुक आहे, पण गेली कित्येक वर्षं प्रत्येक बैठकीत तिचंच नाव निघतं याची काळजी वाटते. बाकीच्या मुलांचं काय झालं?

परदेशी आकडेही जपून घ्यायला हवेत. अमेरिकेत १९९८ मध्ये होमस्कूलिंगच्या २०,७६० मुलांच्या गुणांचा अभ्यास झाला. गुण उत्तम होते, आणि तो अभ्यास आजही पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण ती सगळी मुलं एकाच विद्यापीठाच्या चाचणीसेवेतून आलेली होती आणि त्यांचे पालक सरासरीपेक्षा जास्त शिकलेले होते. घरचं शिक्षण शाळेपेक्षा सरस आहे असा निष्कर्ष यातून काढू नका, असं खुद्द संशोधकानेच बजावलं होतं. जे आपणहून पुढे येतात त्यांनाच मोजलं, तर चित्र गोडच दिसणार. पुण्यातल्या सोसायटीत राहणारं आयटीतलं कुटुंब, शाळेत त्रास झाला म्हणून मुलाला घरी आणणारे पालक, स्वमग्न मुलाला कुठलीच शाळा टिकवून घेत नाही म्हणून घरी शिकवणारी आई, हे तिघे एकाच नावाखाली मोडतात. त्यांचे अनुभव मात्र एक नाहीत.

आता माझ्या घरातलं सांगते. घरच्या शिक्षणाची आई-वडील मिळून जबाबदारी घेतात असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. प्रत्यक्षात नोकरी मी सोडली. पहिली दोन वर्षं फार आनंदात गेली. तिसऱ्या वर्षी मी दुपारी दार लावून रडायचे, कारण आई आणि बाई या दोन भूमिकांच्या मध्ये मला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "बघ, म्हटलं नव्हतं?" हे ऐकावं लागलं असतं. मुलीला वाचन, बागकाम, गणित भरभरून मिळालं. पण ती पंधरा वर्षांची असताना म्हणाली, "आई, दहा मुलींच्या घोळक्यात कधी हसायचं ते मला कळत नाही." हे वाक्य कुठल्या गुणपत्रिकेत येणार? म्हणून अभ्यास मुलाखतींचा हवा, काही वर्षं चालणारा हवा, आणि त्यात मुलांना आई-वडिलांच्या पाठीमागे बोलायची मोकळीक हवी.

परत शाळेत गेलेल्यांनाही शोधा. माझा धाकटा नऊ वर्षांचा असताना म्हणाला, मला शाळेत जायचंय. जवळच्या एका शाळेने तीन आठवडे आम्हाला हेलपाटे घालायला लावले, कारण मागच्या शाळेचा दाखला नव्हता. मागची शाळाच नव्हती, तर दाखला कुठून आणणार? कायद्याच्या चौथ्या कलमात वयानुरूप प्रवेशाचा हक्क आहे, हे मी छापून नेलं तेव्हा कुठे त्याचं नाव पटावर आलं. किती कुटुंबांनी तिथूनच माघार घेतली असेल?

आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मला पटतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचं मूल कोयत्यामागे फिरतं, तेराव्या वर्षी मुलीची शाळा बंद करून लग्न ठरवलं जातं, आणि विचारायला गेलं की "घरी शिकते" असं उत्तर मिळू शकतं. आमच्या सोयीसाठी केलेला सैल नियम त्या मुलांच्या गळ्याशी येणार असेल तर तो मला नको. हंगामी वसतिगृहं आणि शाळा हा त्यांचा हक्क आहे. पण निवडीने घरी शिकणारं मूल आणि नाइलाजाने घरी राहिलेलं मूल यांच्यातला फरक दारात उभं राहून पाच मिनिटांत कळत नाही. तो कसा ओळखायचा, हाच संशोधनाचा मोठा प्रश्न असला पाहिजे.

काम कुणी करायचं? पुण्यातली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि एखाद्या विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग मिळून करू शकतील. गटशिक्षणाधिकारी किंवा केंद्रप्रमुखांकडून मात्र करून घेऊ नका. कारवाई करणाऱ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही. मुलाखतीतली माहिती कुठल्याही कारवाईसाठी वापरली जाणार नाही, अशी लेखी हमी शासनाने आधी द्यावी. ती नसेल तर फक्त यशस्वी घरांची दारं उघडतील.

पंडिता रमाबाईंना संस्कृत त्यांच्या आई-वडिलांनीच शिकवलं. रमाबाई रानडे अक्षरओळख घरातच शिकल्या. घरात शिकणं या मातीला नवं नाही, पण तेव्हा मुलींना शाळेची वाट जवळजवळ बंद होती. आज शाळा असताना लोक घरी का शिकवतात, हे शाळा सुधारू पाहणाऱ्या खात्यालाही उपयोगी पडेल.

माझ्याकडे त्या वर्षांच्या चौदा वह्या आहेत : रोज काय शिकवलं, कुठे भांडलो, कधी थांबलो. संशोधक आले तर त्या त्यांना वाचायला देईन. मुलीला विचारलं आहे. तिची हरकत नाही, फक्त अकरावी वही तिची स्वतःची आहे आणि ती द्यायची की नाही हे ती त्यांना भेटल्यावर ठरवणार आहे.

आपली नम्र,
साताऱ्याची एक आई