चाकाची चाल वाढवली, पण तपासली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत ऑफ-रोड गाडीला लाँग ट्रॅव्हल (चाकाला जास्त वर-खाली हलू देणारं) सस्पेन्शन बसवण्याबद्दल सविस्तर लेख आला, हे वाचून फार बरं वाटलं. या कामावर मराठीत नीट लिहिलेलं क्वचितच सापडतं. जुनं सामान कसं उतरवायचं, नवं कसं चढवायचं, हे लेखात व्यवस्थित दिलं आहे. पण शेवटचा नट आवळला की गाडी तयार, असा वाचकाचा समज होतो. सस्पेन्शनच्याच कामावर माझं पोट आहे. त्यामुळे हा समज तसाच राहू नये, असं मनापासून वाटतं.

मुळात गाडी उंच करणं वेगळं आणि चाकाची चाल, म्हणजे चाक वर-खाली किती हलतं ते, वाढवणं वेगळं. जुनाच शॉक अॅब्सॉर्बर (शॉक) ठेवून स्प्रिंगखाली स्पेसर, म्हणजे जाडी वाढवणारा तुकडा, सरकवला तर गाडी उंच दिसते, पण चाकाची एकूण चाल तेवढीच राहते. उलट खड्ड्यात चाक खाली लोंबायला मिळणारी जागा कमी होते. खऱ्या लाँग ट्रॅव्हल किटमध्ये पुढचे आर्म, म्हणजे चाकाला चासीशी जोडणारे दांडे, लांब असतात. सीव्ही जॉइंट (एक्सलचा वाकणारा सांधा) आणि बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा सांधा) एका मर्यादेपलीकडे वाकत नाहीत, पण आर्म लांब असला की तेवढ्याच कोनात चाक जास्त वर-खाली होतं. म्हणून मग एक्सलही लांब लागतो, टाय रॉडही (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) लांब लागतो आणि गाडी दोन्ही बाजूंनी रुंद होते.

इथे स्प्रिंगचा हिशेब बदलतो आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा शॉकची चाल चाकाच्या चालीच्या ०.६ पट आहे. म्हणजे शॉक २० सेंटीमीटर सरकला की चाक साधारण ३३ सेंटीमीटर हलतं. आता शॉक जागचा न हलवता आर्म लांब केला आणि हे प्रमाण ०.५ वर आलं, तर चाल ४० सेंटीमीटर होते. पण चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा ताठरपणा या प्रमाणाच्या वर्गाने कमी होतो. ०.३६ चं ०.२५ झालं, म्हणजे तीच स्प्रिंग जवळजवळ एक तृतीयांशाने मऊ पडली. अशा गाडीला नाक खुपसायची सवय लागते आणि मालक शॉकला दोष देत बसतो.

पण मला मुख्यतः लिहायचंय ते चाल तपासण्याबद्दल. गाडी चासीखाली घोड्यांवर (जॅक स्टँडवर) पक्की उभी करायची. स्प्रिंग काढून नुसता शॉक लावायचा, चाक चढवायचं आणि आर्मखाली जॅक देऊन चाक अगदी खालच्या टोकापासून बंप स्टॉपपर्यंत (चाकाला वर अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) हळूहळू उचलायचं. थोडं उचललं की थांबायचं, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, आत डोकं घालून बॅटरीने बघायचं. सीव्हीच्या बुटाच्या (रबरी आवरणाच्या) घड्या एकमेकींवर घासतायत का, वरचा आर्म स्प्रिंगच्या जागेत शिरतोय का, एबीएसची वायर ताणली जातेय का, टायर कुठे टेकतोय का. स्प्रिंग असताना जॅकने चाक पूर्ण वर जात नाही, गाडीच उचलली जाते. म्हणून स्प्रिंग काढायचा कंटाळा करून चालत नाही.

बाहेर किट बसवलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. तक्रार फक्त आवाजाची होती. उजव्या चाकाच्या ब्रेकचा होज (रबरी नळी) बघितला, तर वरचं रबर कापून आतला धाग्याचा विणलेला थर दिसत होता. गाडी जमिनीवर असताना होज आणि आर्ममध्ये बोटभर जागा होती. चाक पूर्ण लोंबवून स्टिअरिंग डावीकडे टोकाला नेलं, तेव्हा तोच होज तारेसारखा ताठ झाला आणि आर्मच्या वेल्डिंगच्या कडेवर जाऊन बसला. चढावर एक चाक हवेत असताना ड्रायव्हर नेमकं तेच करतो. तो होज फुटला असता तर काय झालं असतं, हे त्या मालकाला समजावून सांगताना मलाच घाम फुटला होता.

चाकाला खाली अडवण्याचं काम शॉकचं नाही. त्यासाठी लिमिट स्ट्रॅप (अडवणारा पट्टा) असतो आणि शॉक पूर्ण उघडायच्या जरा आधी तो ताणला गेला पाहिजे. वरच्या टोकाला तेच काम बंप स्टॉपचं. हे दोन्ही न लावता पैसे वाचवले की किटमधली सगळ्यात महाग वस्तू, म्हणजे शॉकच, सगळ्यात आधी जाते.

आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर टॉर्क रेंचने आवळावेत. बुशऐवजी युनिबॉल (धातूचे गोल सांधे) असतील तर पिळाचा प्रश्न नाही, पण धूळ आणि पाणी त्यांना खातं. लाँग ट्रॅव्हलची ही रचना वाळवंटी शर्यतींत वाढली. मेक्सिकोतली बाहा १००० ही शर्यत १९६७ पासून चालू आहे. शर्यतीच्या गाडीचे सांधे वरचेवर उघडून पाहिले जातात, रोजच्या गाडीचे कोण पाहतो?

स्प्रिंग काढलेली असतानाच टो (चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय ते) सुद्धा मोजून घ्यावा, दर दोन-तीन सेंटीमीटरला. टाय रॉड आणि आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरत असतील, तर प्रत्येक उंचवट्यावर चाक आपोआप वळतं. वेगात ते फार धोक्याचं आहे.

घरी काम करणाऱ्यांना एक विनंती. रिझर्व्हॉयरवाल्या (वेगळी टाकी असलेल्या) शॉकमध्ये साधारण २०० पीएसआय दाबाचा नायट्रोजन असतो, तो उघडू नका. कॉइलओव्हरचा (शॉकवरच स्प्रिंग बसवलेल्या जोडणीचा) वरचा नट स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसरशिवाय सोडू नका; दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात वाचत नाही.

शेवटी अलाइनमेंट तर करावीच लागते. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासावेत. आणि हेडलाइटचा झोत खाली घ्यायला विसरू नये. गाडीचं नाक वर आलेलं असतं, तो झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आपला,
एक सस्पेन्शन मेकॅनिक