कडी काढावी की नाही

चि. मयूर यास अनेक आशीर्वाद.

हॉस्टेलवरची पोरं भुताचे सिनेमे पाहतात, तुला मात्र वाचायच्या गोष्टी हव्यात म्हणालास. फार बरं वाटलं. फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

आधी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’ वाच, 1902 सालची. माकडाचा वाळलेला पंजा, तीन इच्छा पुऱ्या करणारा. त्यावर मंत्र टाकलेला आपल्याकडच्या एका फकिराने. म्हातारा मागतो ते फक्त दोनशे पाउंड, घरावरचं कर्ज फिटावं म्हणून. बाबू, कर्जापुरतेच पैसे मागणारा माणूस आपल्या गावात शोधावा लागत नाही! दुसऱ्या दिवशी निरोप येतो, पोरगा कारखान्यात यंत्रात सापडला. कंपनी जबाबदारी घेत नाही, पण मदत देते. दोनशे पाउंड.

इथे मी पुस्तक मिटलं. मदतीचा चेक हाती आलेली बाई मी जवळून पाहिली आहे. सांजेपर्यंत पाकीट पदराखाली धरून बसली होती, उघडलं नव्हतं.

पुढे ती आई पोरगा परत मागते. रात्री दारावर थाप पडते, ती खुर्चीवर चढून वरची कडी काढू पाहते. पुढचं सांगत नाही. मी असते तर मीही काढली असती.

ही गोष्ट वाचली त्या दिवशी आपली विजेची लाईन रात्रीची होती, बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेले होते. दोन वाजता कडी वाजली. रोज मी न विचारता उघडते. त्या दिवशी “कोण?” म्हटलं आणि त्यांचा आवाज येईस्तोवर कडीवर हात ठेवून उभी राहिले.

मग टागोरांची ‘क्षुधित पाषाण’ घे, 1895 ची. कापसावरचा कर गोळा करणारा अधिकारी ओस महालात राहायला जातो. दिवसा साहेबी कपड्यांत कचेरी, सांज झाली की जुन्या काळचा पोशाख. महाल त्याला धरत नाही, तोच महालाकडे ओढला जातो, आणि मला भीती त्याचीच वाटली.

एडगर ॲलन पोची ‘द टेल-टेल हार्ट’ (1843) छोटी आहे, एका बैठकीत होते. धारप तू वाचशीलच. मतकरींची ‘खेकडा’ सोडू नको.

होळीला येशील तेव्हा मला सांग, त्या बाईने कडी काढायला हवी होती का. बाबा म्हणतात, नको. आमचं अजून मिटलेलं नाही.

तुझी,
आई